खिडकीतले ओळंबे

आमच्या नानाशेठना स्वच्छ हातांचा भारी राग होता. सकाळी कारखान्यात आले की आधी मशीन नाही, हिशेब नाही, शिकाऊ पोरांचे हात बघायचे. "दाखव," म्हणायचे आणि हात उलटेपालटे करून न्याहाळायचे. नखांत ग्रीस दिसलं, बोटावर लोखंडाच्या किसाचा एखादा ओरखडा दिसला की स्वारी खूश. "हां, आते कसं! हातले काम लागनं." आणि हात धुतल्यासारखे दिसले की त्या पोराचं काही खरं नसायचं. "काय रे, जावई म्हणून आलास का? चहा ठेवू?" सगळा कारखाना हसायचा. मीही हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी बसमधून उतरल्या उतरल्या आधी ग्रीसच्या डब्यात बोट घालायचे.

त्यांचं घराणं राजस्थानातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या शिरपुरात कापसाच्या व्यापारात मुरलेलं. भावाभावांनी गाद्या-तक्क्यांवर बसून कापूस विकला, हे एकटे लोखंडाच्या नादी लागले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी डाळमिलची मशीनं बनवायचा कारखाना टाकला. भावांशी मारवाडी, गिऱ्हाइकाशी हिंदी, बँकेत अगदी पुस्तकी मराठी, आणि लाडात आले की अहिराणी. मी असोद्याची, त्यामुळे त्यांचं अहिराणी मला निम्मं कळायचं आणि निम्मं त्यांच्या चेहऱ्यावरून समजायचं.

मी आयटीआयला टर्नरच्या वर्गात एकटीच मुलगी होते. परीक्षा झाली, पुढे वर्षभर कुठल्या तरी कारखान्यात शिकाऊ म्हणून काम करायचं होतं. आमच्या सरांनी मला घेऊन वसाहतीतले कितीतरी दरवाजे ठोठावले. सगळीकडे गोड बोलून एकच उत्तर: "मुलींसाठी आमच्याकडे सोय नाही हो." नानाशेठना हे कळलं तेव्हा ते सरांवरच खेकसले. "आधी माझ्याकडे का नाही आणली?" मग त्यांनी आपल्या ऑफिसला लागून असलेल्या बाथरूमची किल्ली माझ्या हातात ठेवली. "हे आजपासून तुझं. मी जाईन मिस्त्री लोकांच्या रांगेत." आणि खरंच गेले. कारखान्याचा मालक, पांढराशुभ्र सफारी घालून, हातात मग घेऊन कामगारांच्या रांगेत उभा राहिलेला मी रोज बघितला आहे. मला ते 'टर्नरबाई' म्हणत. आमच्या घरात तोवर कुणी मला साधं 'बाई' म्हटलं नव्हतं.

आयटीआयवर त्यांचा जीव होता, यात मला आजही शंका नाही. आमच्या कार्यशाळेत मशीनं होती, पण त्यांवर चढवायला लोखंड नसायचं. एक तुकडा चौघांत वाटून घ्यायचा आणि पाचव्याने नुसतं बघायचं. नानाशेठच्या कारखान्यातून उरलेल्या सळयांचे तुकडे टेम्पो भरून येऊ लागले, तेव्हापासून पाचव्यालाही काम मिळू लागलं. बाजारपेठेतल्या कापडवाल्याकडे जाऊन ते गादीवर ठाण मांडून बसले आणि साऱ्या वर्गाला डांगरीचं कापड मिळाल्यावरच उठले. हॉटेलवाल्याला म्हणाले, "तुझा गॅस कोण दुरुस्त करणार उद्या? हीच पोरं ना? मग आज त्यांना नाश्ता घाल." त्यांचं म्हणणं असं की, गावातल्या दुकानदारांनी गावातल्या पोरांना शिकवलं नाही, तर पोरं पुण्याला पळतील आणि मग दुकानदारांनी रडायचं नाही. हे ते इतक्या तळमळीने सांगत, की समोरचा व्यापारी कंटाळून का होईना, एक पोरगं ठेवून घ्यायचा.

त्यांच्या कारखान्याची एक रीत होती. डाळमिलचं मशीन बसवताना ते सरळ उभं आहे की नाही, हे बघायला ओळंबा लागतो. तो बाजारात मिळतो, पण नानाशेठ तो कधी विकत आणायचे नाहीत. येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ पोराने पहिलं काम म्हणून स्वतःचा ओळंबा लेथवर लोखंड कातून करायचा. वर गोल डोकं, त्यावर पकडीसाठी बारीक नक्षी, खाली टोकदार उतार. टर्नरचं जवळजवळ सगळं कसब त्यात येतं. ओळंबा जमला की नानाशेठ स्वतः त्यात दोरी ओवत आणि ऑफिसच्या मोठ्या खिडकीत टांगत. त्या खिडकीत गजच दिसायचे नाहीत, इतके ओळंबे होते. वारा आला की एकमेकांवर आपटून किणकिणायचे. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी खिडकी दाखवायची. "ही माझी पोरं. बठ्ठा पोरे आपलाच शेतस."

माझा ओळंबा चांगला होत आला होता. शेवटच्या फेरीला टूल जरा सैल पडलं आणि उतारावर एक ओरखडा उमटला, गोल फिरत टोकाकडे गेलेला. मला रडूच आलं. मिस्त्री म्हणाले, नवा तुकडा घे. नानाशेठनी तो ओळंबा उचलला, चष्मा कपाळावर सरकवून निरखला आणि म्हणाले, "नवा कसाले? हाच टांगायचा. या खुणेवरून मी तुझा ओळंबा कुठेही ओळखीन." आणि टांगला. मी घरी जाऊन ही गोष्ट वडिलांना, आबांना सांगितली, आईला सांगितली, शेजारच्या अक्कांना सांगितली. ज्याला सांगायची नव्हती त्यालाही सांगितली.

शिकवायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. स्टूल घेऊन लेथशेजारी बसत, पण हात लावत नसत. "बिघडव," म्हणत. "माझ्या डोळ्यांदेखत बिघडव. माझ्यामागे बिघडवशील तर मार खाशील." डाळमिलच्या रोलरचे महागाचे दांडे त्यांनी मला बिघडवू दिले. एकदा मी पट्ट्याच्या पुलीचं भोक मोठं करून ठेवलं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. नानाशेठ मात्र मिटक्या मारत मला विचारत राहिले, कुठे चुकलं, कधी कळलं, कळल्यावर हात का नाही थांबला? त्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद असायचा, तो मी नंतर कुठल्याच मालकाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. आज लेथवर माझा हात चालतो तो त्यांच्यामुळे. हे मी नाकारणार नाही, आणि नाकारता येत नाही याचाच मला जास्त राग येतो.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असायची. त्या दिवशी मशीन बंद, सगळी धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून उभी. दरवर्षी पूजा मालकाने करायची. माझ्या वर्षी नानाशेठनी मला पुढे बोलावलं. "खिडकीजवळच्या लेथची पूजा टर्नरबाई करेल. तिची लेथ, तिनेच करायची." मी तिच्या लोखंड पकडणाऱ्या चकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मिस्त्रींनी प्रसाद वाटला. माझी लेथ. मी त्या दिवशी तिच्या पाया पडले, आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या नानाशेठच्याही.

मग पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीने आयटीआयत मुलाखती घेतल्या आणि त्यांनी मला निवडलं. शिकाऊ वर्ष संपलं की थेट रुजू व्हायचं, राहायला मुलींचं वसतिगृह. सर हरखून गेले. मी नानाशेठना सांगायला गेले, तर त्यांचा चेहराच उतरला. रविवारी स्कूटर काढून सरळ असोद्याला आमच्या घरी हजर. आईने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली. मांडी घालून भरपेट जेवले, पुन्हा भरीत मागून घेतलं. हात पुसत आबांना म्हणाले, "आबा, पोरीला इतक्या लांब कशाला धाडता? तिथे ती हजारांतली एक. इथे मी बसलोय ना! खिडकीजवळची लेथ तिचीच शे."

आबा केळीतला माणूस. वसाहतीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण माणूस आपल्या घरी जमिनीवर बसून जेवला, हे कळत होतं. "शेठजी, तुमी म्हनता त मंग मले काय इचारायचं? पोरगी तुमच्या हवाली," आबा म्हणाले.

सोमवारी मी सरांना सांगितलं की कंपनीला नाही कळवा. सर म्हणाले, "नानाशेठ देवमाणूस आहेत. पण त्यांच्याकडून एक ओळ लिहून घे. कायम ठेवतो म्हणून." मला इतका संताप आला की मी सरांशी पुढे कितीतरी दिवस नीट बोलले नाही. ज्याच्या खिडकीत माझा ओळंबा आहे, जो माझ्या आईच्या हातचं जेवून गेला, त्याच्याकडून लिहून घेऊ? आमच्याकडे असं लिहून मागणं म्हणजे माणसाचा अपमान. असोद्याला कुणीही हेच म्हणालं असतं.

शिकाऊ वर्षाची शेवटची परीक्षा झाली. नानाशेठनी निरोप धाडला: "शनिवारी जेवायला या, आबांनाही आणा. टर्नरबाईचा कार्यक्रम आहे." आम्हाला वाटलं, आता कायम केल्याचा कार्यक्रम. दुसरं काय वाटणार? मी नवा ड्रेस घातला. आबांनी मळ्यातला केळीचा सगळ्यात मोठा घड निवडून मोटरसायकलला बांधला. कारखान्यात वरण-बट्टी शिजत होती, तुपाचा वास सुटला होता. नानाशेठनी मला पाटावर बसवलं, त्यांच्या पत्नीने साडी-नारळाने माझी ओटी भरली. नानाशेठचे डोळे भरून आले होते. "पोरगी सासरी धाडताना जसं होतं ना आबा, तसं होतंय मला," म्हणाले. आबाही डोळे पुसत होते. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, हा आनंदाचा भाग आहे.

मग नानाशेठ म्हणाले, "आता हिच्यासाठी चांगली नोकरी बघा. मीही चार ठिकाणी शब्द टाकतो."

आबांच्या हातातली बट्टी हातातच राहिली. "नोकरी? मंग ते मशीन?"

"कुठलं मशीन?"

"खिडकीजवळचं. तुमी घरी आल्ते तवा म्हनले होते का इचं हाये."

नानाशेठ हसले. लबाड माणूस पकडला गेल्यावर हसतो तसं नव्हे, अगदी मोकळं हसले. "अहो आबा, वर्षभर होतंच की तिचं! आता ते पुढच्या पोरीला नको का? हीच बसून राहिली तर नवीन पोरं शिकतील कुठे?" आणि दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "ये गं टर्नरबाई, ये. आत ये, जेवून घे." दारात एक मुलगी उभी होती. कडक इस्त्रीची नवी डांगरी, हात स्वच्छ. मी जागची उठणार होते, कारण हाक मलाच मारली असं वाटलं होतं.

आबांनी बट्टी संपवली. ताटात अन्न टाकायचं नसतं म्हणून संपवली. केळीचा घड परत नेला नाही, ते त्यांच्या रक्तात नव्हतं. परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर ते एकदाच बोलले. "मी इचारायले पाह्यजे होतं." मला आजही नानाशेठचा राग येतो तो माझ्यासाठी कमी आणि या एका वाक्यासाठी जास्त येतो.

दोन दिवसांनी राहिलेला डबा आणायला गेले तेव्हा मिस्त्री बाहेर बिडी ओढत बसले होते. मी त्यांच्यावर भडकले. तुम्हाला ठाऊक होतं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "बेटी, तू कधी विचारलंस? शेठना शिकवायचं वेड आहे. शिकून झालेलं माणूस त्यांच्या कामाचं नाही. एवढे ओळंबे टांगलेत, तुला एक तरी पोरगा इथे कामाला दिसला?" मी खिडकीकडे बघितलं. रोज बघत होते वर्षभर. त्या कारखान्यात दोन म्हातारे मिस्त्री, नानाशेठ आणि आम्ही त्या वर्षीची शिकाऊ पोरं, एवढीच माणसं होती. ओळंबे करणारे कुठे गेले, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी आपली माझाच ओळंबा कुठे आहे ते शोधत असायचे.

पुण्याच्या कंपनीची जागा केव्हाच भरली होती. मग घरी बसणं आलं, नातेवाइकांचे सल्ले आले. एका ग्रिलच्या दुकानात गज कापायचं काम केलं. पुढे धुळ्याला एका वर्कशॉपमध्ये लागले, तिथल्या मालकाने कधी माझे हात बघितले नाहीत, पण पगार वेळेवर दिला. आज धुळ्यातच माझी स्वतःची एक जुनी लेथ आहे, भाड्याच्या गाळ्यात. धुळ्याच्या आयटीआयची मुलं मीही घेते. ओळंबाच करायला लावते, बिघडवू देते, स्टूल घेऊन शेजारी बसते. फक्त पहिल्या दिवशी पालकांना बोलावून तोंडावर सांगते, "वर्षभर शिकवीन. त्यापुढे माझ्याकडे जागा नाही. बाहेर चांगलं काही आलं तर माझ्या भरवशावर सोडू नका." धुळ्यात मला फटकळ म्हणतात. म्हणोत.

मध्ये एकदा जळगावच्या आयटीआयने नानाशेठचा सत्कार केला. सरांनी आग्रह केला म्हणून गेले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. नानाशेठनी माइक धरून गर्दीत मला शोधलं. "ती बघा! माझी टर्नरबाई! धुळ्यात स्वतःचं मशीन चालवते!" सगळा हॉल माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागला. मीही वाजवल्या. शेजारी सर होते, त्यांनी मात्र हात मांडीवर ठेवले होते.

मग कळलं, नानाशेठनी कारखाना विकला, आता शिरपूरच्या घरी असतात, तब्येत बरी नसते. मी एक दिवस गाळा बंद ठेवून शिरपूरची बस पकडली. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक माझा ओळंबा. आणि दुसरं, त्यांनी आबांना असं का सांगितलं, याचं उत्तर.

ओसरीत खाटेवर बसले होते. वाळले होते, पण मला बघून चेहरा उजळला. "टर्नरबाई! दाखव हात." मी हात पुढे केले. नखांत ग्रीस होतं. हात आपल्या दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बसले. वर ओसरीच्या आडव्या वाशाला सगळे ओळंबे टांगलेले होते. कारखाना विकला, पण ते विकले नव्हते.

"नाना," मी म्हटलं, "आमच्या घरी जेवायला आलात, तेव्हा आबांना म्हणालात लेथ माझी. मी पुण्याची नोकरी सोडली. मग असं का केलंत?"

त्यांना खरंच कळेना. कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले. मग म्हणाले, "अगं, तू इतकी चांगली शिकलीस. अर्धवट सोडून गेली असतीस तर मला वाईट वाटलं असतं. शिकून झाल्यावर तुले मनी काय गरज होती? माझं काम तिथे संपलं." आणि लगेच, "भरीत छान झालं होतं हां तुझ्या आईचं."

भरीत त्यांना आठवत होतं. मी म्हणाले, "माझा ओळंबा न्यायला आलेय."

"थांब, मीच देतो. मी ओळखतो ना!" ते उठायला निघाले, मी धरलं. काठी उंचावून त्यांनी वाशावरचे ओळंबे एकेक करून हलवले, आणि एकावर काठी टेकवून म्हणाले, "हा. हा तुझा." मी तो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बाहीने पुसला, उजेडात धरला. "बघ, किती साफ काम. एक ओरखडा नाही. तेव्हाच मी म्हटलं होतं, ही पोरगी पुढे जाणार." डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. त्यांनी तो माझ्या ओंजळीत ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली.

माझा ओळंबा तिथेच शेजारी होता. गोल फिरत टोकाकडे गेलेला ओरखडा मला खालून दिसत होता, आणि काठी लागल्यामुळे तो अजून हलत होता. मी पाया पडले आणि दुसऱ्या कुणाचा तरी ओळंबा पिशवीत घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसले.

त्या हिवाळ्यात नानाशेठ गेले. तो ओळंबा माझ्या लेथवरच्या खिळ्याला असतो. जळगावकडचे टर्नर कामानिमित्त येतात, त्यांतले काही नानाशेठकडे शिकलेले असतात. मी ओळंबा काढून त्यांच्या हातात देते, बघा बरं, तुमचा आहे का? ते फिरवून फिरवून बघतात, बराच वेळ बघतात आणि परत देतात. "नाही ताई. माझ्या ओळंब्यावर जरा खूण राहिली होती. नाना म्हणाले होते, या खुणेवरून मी..."

मी त्यांना वाक्य पुरं करू देत नाही, चहा सांगते.